मामांच्या मोटारीचा हादरा

सोमवार, ता. ७ नोव्हेंबर १९३८
अंबाजीमामा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. तीन आठवडे. लोणावळा स्टेशनवरची त्यांची भाड्याने फिरवायची मोटार माझ्या ताब्यात. जाताना म्हणाले, "सोपान, मी येईस्तवर गाडी नीट चालली तर तू कायमचा डायव्हर. न्हाईतर कामशेतची भातगिरणी हाय, पोती उचल." गिरणीचा प्रश्नच येत नाही. मला इंजिनातले समजते.
निश्चय: रोजनिशी रोज लिहिणे.

ता. ११
तीन दिवस लिहिले नाही. कामाचा ताण. वेग वाढला की मोटार हादरते. कार्ल्याच्या वाटेवर गिऱ्हाईकाने विचारले, आम्ही मोटारीत बसलोय की चाळणीत?

ता. १२, सकाळी ९
अल्लाबक्ष मिस्त्रींना दाखवली. म्हणाले, डँपर गेलाय. म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या, फिरत्या दांड्याच्या, टोकावरचे जाड चाक. आत लोखंड, मध्ये रबर, वर लोखंडी कडे. क्रँकची थरथर ते रबर खाते. रबर कुजले, कडे सैल झाले. नवा डँपर मुंबईहून, रुपये अडतीस. रेडिएटर उतरवून बसवायची मजुरी आठ. तोवर गाडी उभी ठेव. मी म्हणालो, एवढ्याशा चाकाला अडतीस? तर म्हणाले, "चाकाला न्हाई बाबा, क्रँक वाचवायला."
मिस्त्री लोक घाबरवतातच.

दुपारी २
विचार केला. कडे सैल आहे, तर घट्ट करावे. यात मुंबईचा काय संबंध?

ता. १३
रेडिएटर उतरवला. सहा तास. डँपर निघेना. हातोडी घेतली. निघाला. (तीन ठिकाणी चेपला. किरकोळ.)

ता. १४
औंढ्याला नथू लोहाराकडे गेलो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, तसे हे कडे चढव म्हणालो. नथू म्हणाला, "आन् ह्या रबराचं काय?" मी म्हणालो, रबर हाच तर रोग. त्याने रबर काढून पत्रा भरला, कडे लालभडक करून चढवले, वर पाणी ओतले. चुर्रर्र! चौदा आणे. म्हणजे पंचेचाळीस रुपये दोन आणे वाचले.
हमी मागितली. म्हणाला, "गाडी बैलाची असती तर जन्माची दिली असती."

ता. १९
डँपर बसवला. दोन नट उरले. कंपनीने जादा दिले असावेत. खडखड बंद! फक्त बारीक गुणगुण. मिस्त्रींच्या दुकानासमोर मुद्दाम गाडी उभी करून, कसे वाटते, असे विचारले. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. ऐकू कमी येते बहुधा.

ता. २४
खंडाळ्याच्या चढावर गुणगुण वाढली. मग तोफेसारखा आवाज. मग काहीच नाही. गिऱ्हाइके चालत गेली.
मिस्त्रींनी इंजिन खोलले. क्रँकचे दोन तुकडे. नवा सव्वातीनशे. मामांनी अख्खी गाडीच तीनशेला घेतली होती. मिस्त्री म्हणाले, "डँपर मात्र शाबूत हाय बघ."
निश्चय: मामांना हळूहळू सांगणे.

सोमवार, ता. २८
मामा आले. दोन्ही डोळ्यांना पट्टी. म्हणजे आजच सांगायची गरज नाही. टांगेवाल्या हौशीरामला गप्प राहण्याचे दोन आणे दिले आणि मामांना हात धरून त्याच्या टांग्यात बसवले. बाजारापर्यंत मामा आरामात टेकून बसले. मग म्हणाले, "हादरत न्हाई रं आता. झ्याक काम केलंस. पर हिनं आत्ता लीद टाकली का?"
हौशीराम हसला. दोन आणे फुकट.
सगळे सांगितले. मामांनी पट्टीवर हात ठेवला. डॉक्टरांनी पट्टी भिजवू नका म्हटले आहे, म्हणून मी म्हणालो, मामा, रडू नका. ते म्हणाले, "मी कुटं रडतोय? तुझंच नाक वाजतंय."

ता. ३०, कामशेत
गिरणीत रुजू झालो. इंजिनाच्या खोलीला नवे कुलूप दिसले. का, म्हणून विचारले. मालक म्हणाले, तुमच्या मामांचा कालच निरोप आला.