जोड दिसता कामा नये

३ एप्रिल
हॉटेलच्या गोल जिन्याचं रेलिंग आपल्याला मिळालं. वेली, मोर, कमळं, सगळं लोखंडात. अट एकच: जो वेल्डर जिन्याला हात लावेल तो आधी टेस्ट पास हवा. महिनाअखेर आपल्याकडे असा वेल्डर नसेल तर काम पलीकडच्या वर्कशॉपवाल्या ओमजीला. ही अट ओमजीनेच घुसवली असणार. परवा कोपऱ्यावर भेटला तेव्हा उगाच हसला.
ठरवलं. टेस्ट मीच देणार. अर्ध्या जगतपुऱ्याची गेटं माझ्या हातची आहेत. आजवर एकाही गिऱ्हाइकाला जोड कुठे आहे ते दिसलेलं नाही.

७ एप्रिल
सराव सुरू करणार होतो. पण शटर उघडं ठेवलं तर ओमजीची माणसं बघणार, बंद केलं तर धूर कोंडतो. उद्यापासून.
तनया रोज दुपारी स्कूटी काढून दुर्गापुऱ्याला जाते. विचारलं तर म्हणाली, क्लास आहे, बाबा. कसला? तर म्हणे, मतलब, क्लास. मधुमतीने लगेच माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली. आई सामील आहे.

१२ एप्रिल
सराव उद्यापासून नक्की.
आज पुरावा सापडला. तनयाच्या ओढणीला बारीक बारीक जळकी भोकं. म्हणजे मुलगा सिगारेट ओढतो! डोळेही लाल. त्याच्यासाठी रडते. मधुमती म्हणाली, तीस वर्षं वेल्डिंग करताय आणि ही भोकं कसली ते ओळखू येत नाही? म्हटलं, चांगलं येतं. ब्रँडसकट सांगेन.

१६ एप्रिल
सराव रद्द. तनयाच्या मागावर गेलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घातलं, एरवी घालत नाही. सिग्नलला तिने मागे वळून सांगितलं, बाबा, तुमचा इंडिकेटर चालू राहिलाय. परत आलो.
हिला कोणी तरी आधीच खबर दिली होती.

२२ एप्रिल
टेस्ट. इन्स्पेक्टर माथुरने चहा घेतला नाही. ओमजीकडे पिऊन आला असणार. दोन लोखंडी पट्ट्या वेल्डने जोडायच्या होत्या. जोडल्या. तो फोन घ्यायला बाहेर गेला तेवढ्यात हाताच्या सवयीने ग्राइंडर मारून जोड घासला, खड्ड्यांत पुट्टी भरली, वर काळा रंग. अगदी गुळगुळीत! माथुर आत येऊन म्हणाला, जोड कहाँ है? म्हटलं, यही तो कमाल है, सा'ब.
म्हणे, वेल्ड जसा पडला तसाच बघायचा असतो, मग पट्टी वाकवून तडा जातो का ते बघायचं. पुट्टी कोणी वाकवत नाही. नापास. कौतुक राहिलं बाजूला!
मी आवरत होतो तर तनया आत आली. माथुरला म्हणाली, सर, मैंने भी नाम दिया है. आणि पिशवीतून चामडी हातमोजे काढले. हातमोजे त्या मुलाचेच असणार.

२९ एप्रिल
तनया पास. पट्टी पार वाकली, तडा नाही. जिना आपल्याकडेच राहिला. ओमजी आज हसला नाही. मुलगा वगैरे कोणी नाही, दुर्गापुऱ्यात वेल्डिंगचाच क्लास आहे, असं मायलेकी सांगतात. चौकशी चालू आहे.
तिने आज पहिली वेल जोडली. मला बजावलं, बाबा, तपासणी होईपर्यंत ग्राइंडर नको हं. ग्राइंडर मधुमतीने सकाळीच उचलून घरी नेला होता. म्हणजे एवढाच विश्वास! म्हणून पुट्टीचा डबा उघडून तिच्या मागे उभा राहिलो. पोरीचा हात, खोट निघणारच. चष्मा पुसून जोड खालून वर पाहिला. मग वरून खाली. एकसारखा. ऊर भरून आला, ते लिहून ठेवतो. तिला सांगितलं नाही, डोक्यात जाईल.
संध्याकाळपर्यंत उभा होतो. डब्याला झाकण लावायचं राहिलं. पुट्टी वाळून दगड झाली.