खुबा आधी, हात शेवटी

दि. ९ सप्टेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तूही असशीलच, आरशांनी भरलेल्या जिममध्ये दिवसभर स्वतःचे दंड बघत बसणाऱ्याला काय धाड भरलीय? फोनवर तू मधेमधे बोलतोस, म्हणून पत्र लिहितेय.

भाचीला पाठवलेला तुझा व्हिडिओ पाहिला. 'दंड भक्कम, तर गोळा लांब!' वा रे शहाण्या! नऊ वर्षं माझ्या हाताखाली गोळा फेकलास आणि शिकलास काय, तर हे? लेक महिनाभर तुझं ऐकून दंड फुगवत बसली. फेक मीटरभरानं घटली, वर खांदा सुजला.

अरे, गोळा नुसत्या हातानं जात असता, तर कणीक मळणाऱ्या सगळ्या बायकांनी पदकं आणली असती. जोर जमिनीतून येतो. मागचा पाय जमीन ढकलतो, खुबा वळतो, छाती अजून मागेच असते. ओलं कापड पिळावं तसा कंबरेला पीळ बसतो. पुढचा पाय रोवला की तो पीळ सुटतो. आणि हात? तो येतो सगळ्यात शेवटी, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला. हे तुला पाठ होतं, गधड्या!

म्हणून तर मी तुझ्या कंबरेला टॉवेल गुंडाळून, टोकं धरून, ऐन वेळी खुबा खेचायची. खुबा आधी वळायला लागेपर्यंत गोळा हातात देत नसे. तू रडायचास.

तेच लेकीला करायला गेले आणि भर मैदानात, सगळ्या पोरींसमोर आडवी झाले. हसू नकोस. डॉक्टर म्हणतात, खुबा झिजलाय, बदलावा लागेल. टॉवेल खेचायचा तर आधी आपले पाय रोवावे लागतात. माझे आता रोवले जात नाहीत. शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या हाती टॉवेल दिला, तर त्या दिवट्यानं घाम पुसला!

सत्तावीस तारखेला निवड चाचणी आहे. यंदा तिची वयोमर्यादा संपते, पुन्हा संधी नाही.

आता एक सांगते. तुझ्या अंतिम फेरीत तू पाय वापरण्यात कुचराई केलीस, असं मी बारा वर्षं जगभर सांगत आले. तुलाही चारचौघांत तेच सुनावलं. पण त्या सकाळी तू म्हणाला होतास, "ताई, खुबा वळत नाहीये." मला दिसत होतं रे. कठडा धरून पायऱ्या उतरत होतास. मी म्हणाले, "नाटकं पुरे." मला पदक हवं होतं. खुबा दोन महिन्यांत बरा झाला, पण तू पुन्हा गोळाफेकीच्या वर्तुळात पाऊल टाकलं नाहीस. तुला नुसत्या हातानं फेकायला मीच लावलं आणि वर तुलाच नावं ठेवली. लाज वाटते मला.

तरी व्हिडिओ भिकारच आहे. ते मी मागे घेणार नाही.

काल लेकीनं विचारलं, "आई, टॉवेल कोण धरणार?" मी म्हणाले, "मामा येतोय, त्यानं कळवलंय."

पोरीशी खोटं बोलले, ठोंब्या. ये, आणि ते खरं कर.

चुकलेली,
तुझी ताई