पेंग्विनला पाणी कमी लागतं

सोमवार, संध्याकाळ. बमरोली.

सुमनने पुन्हा पाणी मागितलं. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं ठरवून दिलंय, त्यातलं अर्धी वाटीच उरलं होतं. डायलिसिस उद्या. बायकोच्या रक्तात साचतो तोच युरिया मी कारखान्यात कापडछपाईच्या रंगात रोज तोलून घालतो. तिथे चूक झाली तर रंग फेकून नवा करतो. इथे काय फेकू?

तिचं लक्ष पाण्यावरून उडावं म्हणून पेंग्विन सांगितला. माझं मीच वाचून समजून घेतलंय, कुणी शिकवलेलं नाही. माशांतून आलेला नायट्रोजन पेंग्विन आपल्यासारखा युरिया करून नाही, तर मुख्यतः युरिक ॲसिड करून बाहेर टाकतो. पांढरं, लगद्यासारखं घट्ट. म्हणून त्यात पाणी फार कमी जातं.

"त्याने माझी तहान भागली का?" ती म्हणाली.

सगळं अचूक सांगितलं. उपयोग काय?

शेवटी ती अर्धी वाटी तिला दिली. एकच घोट घेऊन तिने वाटी माझ्यापुढे सरकवली.

"माझ्यासमोर तुम्ही सकाळपासून पाणी प्यायला नाहीत. मला दिसत नाही का? मोठे आले पेंग्विन."

वाटी अजून समोर आहे. मला पिववत नाही.