पंधरा मिनिटांत लख्ख

३ जुलै
ही वही मे महिन्यात घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. उद्यापासून, उद्यापासून करत जून गेला. जूनमध्ये नक्की काय केलं ते आठवत नाही, पण बिझी होतो. असो. आजपासून नियमित.

कारणही तसंच आहे. घरच्या धुण्याचं खातं माझ्याकडे आलंय. आई वर कुरणावर, गुरांपाशी. दादा ट्रक घेऊन रशियात. वहिनी बाळंतीण, चाळिसावा दिवस होईपर्यंत तिने पाण्यात हात घालायचा नाही. उरलो बाबा आणि मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मशीन अंगणातल्या पडवीत आहे, आणि सोपं आहे. गोल बटण फिरवायचं. क्विक म्हणजे पंधरा मिनिटं. रोजचे कपडे, एक तास. कॉटन, साठ डिग्री, दोन तास चाळीस मिनिटं. आता कपडे तेच, पाणी तेच, साबण तोच. मग दोन तास चाळीस मिनिटं कोणासाठी? ज्यांना आयुष्यात दुसरं काही करायचं नाही त्यांच्यासाठी. मी क्विकवाला.

४ जुलै, सकाळ
आठवड्याचं सगळं एकदम कोंबलं. दार गुडघ्याने लावलं. क्विक. वाचलेल्या वेळात मित्राचा, एर्मेकचा, नवा घोडा बघून येतो.

५ जुलै
घोडा छान आहे. कपडे काल मशीनमध्येच राहिले. वहिनी खिडकीतून म्हणाली, भावजी, अंगणात मेंढी मेलीये का? बाळंतपणात नाक तिखट होतं म्हणतात. तरी तिच्या समाधानासाठी परत एकदा क्विक मारलं. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत होत्या. एक म्हणाली, पोरगा कामाचा दिसतोय. दुसरी नुसतीच हसली. जळतात.

६ जुलै
बाबा आज पाटाच्या पाण्याच्या मीटिंगला गेले, मी धुतलेला शर्ट घालून. तिथे त्यांची पाठ इतकी खाजायला लागली की ते बसल्या जागी वळवळत राहिले. लोकांना वाटलं, यांना विरोध करायचाय. वाद पेटला. शेवटी आमच्या शेताला पहाटे तीनची पाळी मिळाली.

वहिनीचं म्हणणं, साबण निघालाच नाही, पंधरा मिनिटांत तो नुसता ओला होतो. रोजच्या कपड्यांना तो एक तासवाला लावा भावजी, आणि संपेपर्यंत घरात थांबा. माझं म्हणणं, शर्टच जुना. पण वाद घातला नाही. तिला विश्रांतीची गरज आहे.

७ जुलै
एक तासवाला लावून बघितला. विसाव्या मिनिटाला बंद केला. आत काहीच नवीन घडत नव्हतं.

८ जुलै
गंभीर विषय. शनिवारी आई कुरणावरून खाली येईल, मग बाबा आणि आई बुरुलायच्या घरी जाणार. तिच्या कानात आमच्या घरचे डूल घातले की तिचं-माझं लग्न ठरलं. मी आतापासून केस नीट करतोय.

तर बुरुलायचा फोन. तिच्या आजोबांनी विचारलं, मुलगा करतो काय? तिने सांगितलं. वेल्डिंगचा कोर्स, अर्धा. डोंगरात टूरिस्ट न्यायचं काम, दुसऱ्या खिंडीपर्यंत. ड्रायव्हिंग लायसन्स, फक्त लेखी. आजोबा म्हणाले, मग आपणही पोरगी अर्धीच पाठवू.

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, तिलेक, आजोबा हो म्हणाले नाहीत तर शनिवारी कोणीच यायचं नाही आमच्याकडे. शुक्रवारपर्यंत एक गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव. कुठलीही. मला त्यांना सांगायला काहीतरी दे.

एकच? मी दहा करीन.

९ जुलै
बाबांनी त्यांचा कल्पाक हातात दिला. पांढऱ्या दाबलेल्या लोकरीची ती उंच टोपी, काळ्या काठाची, त्यांना माझ्या आजोबांनी दिलेली. काठाशी चहाचा डाग. शनिवारी बोडक्या डोक्याने जाता येत नाही. बाजारात एक बाई कल्पाक कोरडाच ब्रशने साफ करते, तिच्याकडे नेऊन दे म्हणाले. सरळ जा, सरळ ये.

सरळच गेलो. वाटेत अशलान-फूच्या, म्हणजे गार आंबट-तिखट नूडल्सच्या, टपरीवर एकच वाडगा खाल्ला. तिथे एर्मेक भेटला. घोड्याचा पाय दुखत होता, बघायला हवंच होतं. बाजारात पोचलो तेव्हा बाई टाळं लावून गेलेली. कल्पाक जमिनीवर ठेवायचा नसतो, म्हणून दिवसभर हातात धरून हिंडलो. घोड्याचा पाय बघतानासुद्धा. आणि म्हणे मला जबाबदारी कळत नाही.

काठाला आता थोडा घोडाही लागलाय.

१० जुलै, सकाळ
शुक्रवार. परत बाजारात जायला निघालो आणि फाटकापाशीच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन घरचंच आहे. डाग मोठा आहे. प्रसंगही मोठा आहे. इथे क्विक चालणार नाही. आणि बुरुलायला जे हवंय तेही यातच बसतं.

कॉटन. साठ डिग्री. दोन तास चाळीस मिनिटं. समोर स्टूल टाकून बसलोय. उठणार नाही.

१० जुलै, दुपार
उठलो नाही. एर्मेकने फाटकातून शिट्टी मारली, तिलेक, चल, तलावावर चाललोय. गेलो नाही. दोनदा हात बटणाकडे गेला, दोनदा मीच मागे घेतला. वहिनीने आतून विचारलं, भावजी, इतका वेळ काय धुताय? म्हटलं, सरप्राइज आहे.

शेवटी मशीनने ती छोटी धून वाजवली. ही धून मी आजवर कधी ऐकलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट संपली आणि मी हजर होतो. डोळे भरून आले. आधी बुरुलायला फोन. म्हटलं, झालं, शेवटपर्यंत. ती म्हणाली, खरं? आत्ता सांगते आजोबांना. तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

आता दार उघडतो.

१० जुलै, थोड्या वेळाने
डाग गेला. हे आधी नोंदवतो.

कल्पाक स्वच्छ आहे. घट्ट आहे. माझ्या मुठीवर बसतो.

वहिनीला दाखवला. ती इतकी हसली की टाके दुखले. बाळाच्या डोक्यावर घालून बघितला, बाळालाही लहान. मग तिने तो सरळ चहाच्या छोट्या किटलीवर चढवला. बरोब्बर बसला. म्हणाली, घ्या, चहा तरी गरम राहील.

बाबा आले. किटलीकडे बघितलं. मग विचारलं, किती वेळ लावलास? म्हटलं, दोन तास चाळीस मिनिटं. म्हणाले, नेमकं याच वेळी काम पुरं होऊ दिलंस.

दुसऱ्याचा कल्पाक मागून घालत नाहीत. उद्या सकाळी बाजार उघडताच नवा आणायचा, तिथून सरळ बुरुलायकडे. तोपर्यंत कोणाला कळायचं कारण नाही. प्लॅन पक्का आहे. बाबा बोडक्या डोक्याने चहाला बसलेत.

१० जुलै, संध्याकाळ
फाटक वाजलं. बाबा म्हणाले, बघ कोण आहे. खिडकीतून बघितलं.

बुरुलायचे आजोबा. एकटेच, पाठीमागे हात बांधून. वहिनी विचारतेय कोण. त्यांनी अंगणातूनच हाक दिली, नात सांगतेय पोराने एक गोष्ट पुरी केली, म्हटलं आपल्या डोळ्यांनी बघून यावं. आता बूट काढतायत.

किटली टेबलाच्या मधोमध आहे.