थेल्मा, घर सरळ झालं आहे

मेरीबरो,
रविवार दुपार

आदरणीय थेल्मा,

टूवूम्बाला यंदा थंडी कडक आहे असं रेडिओवर ऐकलं आणि तुझ्या गुडघ्यांची आठवण झाली. ते बरे असतील. तुझा स्वभावही बरा असेल असं धरून लिहितो. माझी तब्येत ठीक आहे. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण ते चालायचंच, काम करणाऱ्या माणसाची नखं काळी पडतात. लिंबाचं झाडही ठीक आहे, हे नोरीनला सांग. ती फोनवर नवऱ्याच्या आधी त्याचीच चौकशी करते. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. (फाडता येईल. पण तू काही वाया घालवणारी बाई नव्हेस. आधी वाचशील, मग फाडशील.)

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. घर सरळ झालं आहे. तुझी अट पुरी झाली आहे. नोरीन मागच्या पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तू तिला लगेच तुझ्याकडे घेऊन गेलीस, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे. (हे मनापासून आहे. पुढचं वाचताना ध्यानात ठेव.) पण त्यानंतर तू मला जे सुनावलंस तेही माझ्या ध्यानात आहे. तू म्हणालीस, ते घर एका कोपऱ्यात कललंय, पुढच्या दारात ठेवलेलं संत्रं आपोआप न्हाणीघरापर्यंत जातं, असल्या उतारावर मी माझी बहीण पाठवणार नाही, आणि माझ्या शेजारचा सपाट जमिनीचा ब्लॉक रिकामा झालाय तो तिला दाखवणार आहे. संत्र्याचं खरं आहे. आपली नातवंडं त्याच्या शर्यती लावतात. पण थेल्मा, ते घर तुझ्या वडिलांनी बांधलेलं, तू त्यात जन्मलीस, आणि तू असं बोललीस याचं मला फार वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. मग मी जॅक आणायला गेलो.

जॅक डॅरिओकडून आणला. डॅरिओ म्हणजे कुंपणापलीकडचा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. तू त्याला नोरीनच्या साठीला पाहिलं आहेस, ज्याने वांग्याचं काहीतरी आणलं होतं आणि सगळ्यांना संपवायला लावलं होतं तो. आपल्या गल्लीतली घरं खांबांवर उभी, खाली चिकणमाती. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि खांब खचतात. काम सोपं आहे. खचलेल्या खांबाशेजारी जॅक लावायचा, घर जरासं उचलायचं, खांबाच्या डोक्यावर लाकडाची पाचर सारायची, जॅक काढायचा. डॅरिओ म्हणाला होता की यासाठी माणसं मिळतात, परवाना असलेली. मी म्हणालो, होऊन जाईल रे. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलंय असं नोरीनचं मत आहे, आणि डॅरिओचंही तेच निघालं.

त्या शनिवारी लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. बाहेर फुटबॉल क्लबवाले पावात सॉसेज घालून विकत होते. क्लबला मदत म्हणून एक खाल्लं. आत गेल्यावर कळलं की काय आणायला आलो ते विसरलो, म्हणून आठवायला बाहेर आलो आणि आणखी एक खाल्लं. पाचरी घेतल्या, नवी पाणसळ घेतली आणि उगीचच एक करवतही घेतली, कारण ती चांगली दिसत होती. (नोरीन म्हणते की मला त्या दुकानात एकट्याने सोडू नये. सध्या मला एकट्यानेच जावं लागतं, तेव्हा इलाज नाही.)

घर उचललं. ते बोलतं, थेल्मा. तुझ्या वडिलांनी ठोकलेला एकेक खिळा मला नावानिशी शिव्या देत होता. डॅरिओ वर पाणसळ धरून बसायचा, लाकडी जमिनीला कान लावून मला खालच्या खाली हुकूम सोडायचा, आणि मधूनच विचारायचा की तू घर उचलतोयस का तुझी इज्जत, कारण दोन्ही एका जॅकवर झेपणार नाहीत. (घराखाली राहणारा अजगर पहिल्याच दिवशी उठून डॅरिओच्या घराखाली राहायला गेला. डॅरिओच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.) पण शेवटी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. मी दारात संत्रं ठेवलं. हललं नाही. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. डॅरिओने टोपी काढली. मग आम्ही संत्रं खाल्लं.

त्यानंतर दारं लागेनात.

आता यात तुझ्या वडिलांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण घर जसजसं कलत गेलं तसतसं त्यांनी, आणि त्यांच्यामागे मी, प्रत्येक दार त्या कलण्याच्या मापाने बसवत गेलो. जिथे अडकलं तिथे रंधा मारला, जिथे फट पडली तिथे पट्टी ठोकली. म्हणजे घर सरळ झालं आणि दारं सगळी तिरकी राहिली. वर बोट जाईल एवढी फट, खाली गच्च. आणि फक्त दारं असती तर गोष्ट वेगळी. पियानोच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा आहे, तो आता उलट बाजूला कलतो. टबमधलं पाणी भोकाकडे जायचं नाव घेत नाही. फ्रिजचं दार आपोआप उघडतं. आणि तव्यातलं अंडं, जे इतकी वर्षं डावीकडे सरकायचं म्हणून मी डावीकडे उलथनं घेऊन उभा राहायचो, ते मधोमध बसून माझ्याकडे बघत राहतं. मी आठवडाभर रंधा घेऊन दारांच्या मागे होतो. बैठकीचं झालं, झोपायच्या खोलीचं झालं. न्हाणीघराचं राहिलं, ते मी दोरीने उघडं बांधून ठेवलं.

अशात शर्लीन आली. शर्लीन म्हणजे हॉस्पिटलची बाई, जी घर बघून सांगते की पेशंटला इथे पाठवायचं का नाही. सगळं तिच्या हातात, हे तुलाही ठाऊक आहे, कारण तूच तिला फोन करून "नीट बघा" असं सांगितलं होतंस. (ती बोलून गेली. मला राग नाही.) तरुण आहे, बोलायला गोड आहे, आणि तिच्या पिशवीत मोजायची टेप आहे. तिने पॅसेजमधला कठडा हलवून पाहिला, गालिचे उचलायला लावले, आणि मग नोरीनला वॉकर घेऊन आत वळता येईल का हे बघायला न्हाणीघरात शिरली. मी "थांबा" म्हणेपर्यंत तिने दोरी सोडून दार लावून घेतलं होतं.

ते बसलं ते बसलंच.

मी खांदा लावला. डॅरिओ आला, त्याने खांदा लावला. दार फोडा असं डॅरिओ म्हणाला, पण ते तुझ्या वडिलांचं सिल्की ओकच्या लाकडाचं दार, बिजागऱ्या काढाव्यात तर त्या आतल्या बाजूला. शर्लीनने स्वतःच्या नखांनी प्रयत्न केला, मग विचारलं की इथे चहा मिळेल का. खिडकी काचेच्या पट्ट्यांची. मी शिडी लावून वर चढलो, एक पट्टी सरकवून काढली आणि कप आत दिला. मागोमाग एक लॅमिंग्टन केकही दिला. ती टबाच्या काठावर बसली होती, मी तिथे बसवलेला कठडा धरून. मी शिडीवरून माफी मागितली. बायको परत आणण्यासाठी नवऱ्याची चाललेली परीक्षा आणि परीक्षकच आत कोंडलेला, अशी लाज मला लग्नाच्या दिवशी तुझ्यासमोर पाय घसरला होता तेव्हाही वाटली नव्हती. माझी पार पाचावर धारण बसली होती, थेल्मा. मला समोर तुझा तो सपाट ब्लॉक दिसत होता.

शेवटी मार्ग एकच उरला. मी आणि डॅरिओ घराखाली गेलो, कोपऱ्यातल्या खांबावर जॅक लावला, पाचर काढली आणि घर हळूहळू खाली सोडलं. वरून दार आपलं आपण उघडल्याचा आवाज आला. अगदी सभ्यपणे उघडलं. शर्लीन बाहेर आली, दोन पावलं उतारावर चालली, परत वर आली. माझा सगळा जीव तिच्या बुटांत अडकला होता.

"कठडा पक्का आहे," ती म्हणाली. "मी सगळा भार टाकून पाहिलाय."

मग तिने विचारलं की बाई या घरात किती वर्षं राहतात. मी म्हणालो, जन्मापासून. ती म्हणाली, "मग उतार राहू द्या. त्यांच्या पायांना तो पाठ आहे. एकदम सरळ केलंत तर त्या सरळ जमिनीवर अडखळतील." मी मान हलवली. मग ती मागच्या दाराने निघाली, दारातच थांबली, आणि म्हणाली, "पडल्या त्या कुठल्या पायरीवरून?"

मी दाखवली. दुसरी. ती तशीच होती, कुजलेली, मधोमध मोडलेली. मी अख्खं घर उचललं, थेल्मा, आणि ती पायरी तशीच राहिली होती. रोज तिच्यावरून टांग टाकून मी जॅक घेऊन खाली जात होतो. शर्लीन तिच्यावरून टांग टाकून खाली उतरली. डॅरिओ तिच्या मागे उभा होता, आणि डॅरिओ गप्प बसला म्हणजे काय ते तू समज. पायरी त्याच दुपारी बदलली. एक फळी आणि नवी करवत, एवढंच काम होतं.

तर असा सगळा प्रकार. शर्लीनने होकार दिला आहे. तुझ्या गुडघ्यांना जप, गरम कपडे घाल, आणि माझ्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

तुझा मेव्हणा,
लिंडसे

ता. क. वर "घर सरळ झालं आहे" असं लिहिलंय ते खोडत नाही. झालं होतं. दीडेक आठवडा होतं. नंतरचं तू वाचलंच आहेस. दारं आता सगळी लागतात, फक्त बैठकीचं आणि झोपायच्या खोलीचं सोडून, कारण ती मी सरळ घराच्या मापाने तासून बसलो होतो. अजगर काल परत आला.

ता. क. दुसरा. तू म्हणालीस की नोरीन तुझ्याकडे डावीकडे कलून चालते आणि फिजिओवाला म्हणतो खुब्यामुळे. कृपा करून त्याला तिला सरळ करू देऊ नकोस. तो खुबा नाही, तो आपला कललेला पॅसेज आहे. विश्वास नसेल तर आमच्या लग्नाचा फोटो काढून बघ. तू पहिल्या रांगेत उभी आहेस आणि डावीकडे कललेली आहेस. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यापासून लांब व्हायला बघत होतीस.

ता. क. तिसरा. मुख्य सांगायचं राहिलंच. तिला पाठव. तिने सपाट ब्लॉक बघितला असेल आणि तो तिला आवडला असेल तर तसं सांग, मी तिकडे येईन. तिथेही काहीतरी दुरुस्तीला निघेलच. पण आधी एकदा घरी पाठव. मला करमत नाही. नवी पायरी भार घेते का हे बघायला मी रोज संध्याकाळी चहा घेऊन तिच्यावर बसतो. घेते. एका माणसाला जरा रुंदच झाली आहे.