एकही चूक राहता कामा नये

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. मनातली मळमळ कुठेतरी काढायला हवी. धाकट्या मालकांनी प्रेसमध्ये इंग्रजी तपासणारं सॉफ्टवेअर आणलंय. चूक दिसली की वाक्याखाली लाल रेघ मारतं. मला म्हणाले, काका, प्रूफरीडर ठेवायचा की नाही ते महिनाअखेर ठरवू. मी हसलो. हसू नीट आलं नसावं, कारण त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.
संकल्प: मशीनला चारी मुंड्या चीत करणे.

३ जून
नोकरी राहावी म्हणून रीतसर अर्ज टाईप केला. इंग्रजीत. पहिलंच वाक्य: आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेन्टी इयर्स. लगेच लाल रेघ! अरे, मी इथे कधीपासून आहे हे तुला काय ठाऊक? तू काल आलास. वीस वर्षांपासून म्हणजे सिन्स, हे शेंबडं पोरही सांगेल. तसाच दिला अर्ज.
हिला अजून काही बोललो नाही. जेवण का जात नाही, विचारत होती. म्हटलं, पित्त.

६ जून
देव पावला! एका लेखिकाबाईंचं शाळेच्या मुलांसाठीचं इंग्रजी पुस्तक छपाईला आलंय. मालक म्हणाले, काका, हे तुम्ही बघा, एकही चूक राहता कामा नये. म्हणजे हीच माझी परीक्षा.

७ जून
घाम फुटला. ओळीओळीला चूक. ही डिडन्ट वेन्ट. वन ऑफ माय फ्रेंड. शी मॅरीड विथ अ डॉक्टर. या बाई शिकवतात तरी काय? मशीनच्या रेघांनी पान लालभडक.
टायपिंगच्या ऑपरेटरबाई म्हणाल्या, दादा, वरची सूचना तरी वाचा. वाचली. फाइंड अँड करेक्ट द एरर्स. मग मी दुसरं काय करतोय?

११ जून
डोळे सुजले. मशीन नुसतं बोट दाखवतं, निस्तरावं मलाच लागतं. कडेला बरोबर वाक्यही दाखवतं म्हणा, तिकडे नजर जाते, पण ती सहज.
ऑपरेटरबाई पुन्हा म्हणाल्या, लेखिकाबाईंना एक फोन करा. मी म्हटलं, कशाला, बिचाऱ्यांना लाज वाटेल. त्यांनी कपाळाला हात लावला. प्रूफरीडरने अर्थाच्या भानगडीत पडायचं नसतं, अर्थ वाचायला गेलं की स्पेलिंग निसटतं. त्यांना नाही कळायचं.

१४ जून
एका वाक्यापाशी भरून आलं. आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेन्टी इयर्स. माझंच की! अख्ख्या पुस्तकात बाईंना एवढं एक बरोबर जमलंय. खाली लाल रेघ होतीच. मशीनच्या नाकावर टिच्चून ठेवलं.

१६ जून
शेवटची पानं. तिथे सगळी वाक्यं परत दिलीत आणि माझ्या दुरुस्त्यांशी तंतोतंत जुळतात. असं जुळणारं प्रूफ जन्मात पाहिलं नाही. फक्त ट्वेन्टी इयर्सवालं जुळेना. मग शेवटच्या पानावरचंच सुधारून माझ्यासारखं केलं.
छपाईच्या मंजुरीवर सही केली. या वयात मला दुसरं कोण दारात उभं करणार? भीती वाटते. फार भीती वाटते.

१७ जून
धीर यावा म्हणून हिला सांगितलं की पगार वाढतोय. तिने लगेच बहिणीला फोन लावला. आता माघार नाही.

२५ जून
पुस्तक शाळांत पोचलं. लेखिकाबाई स्वतः प्रेसमध्ये आल्या. आभार मानायला आल्या असतील म्हणून मी केस विंचरून बाहेर गेलो.
बाई लालबुंद. म्हणाल्या, मुलं विचारतात, बाई, यात चुका कुठे आहेत? अहो, चुका शोधायचंच पुस्तक ते! प्रश्नही बरोबर, उत्तरंही बरोबर, मुलांनी शोधायचं काय, तुमचं डोकं? निदान नाव तरी वाचायचंत. मी म्हटलं, कव्हर डिझायनरकडे असतं. मालकांनी डोळे मिटून घेतले.
मग बाई म्हणाल्या, एकच चूक तेवढी शिल्लक ठेवलीत, आणि तीही उत्तरात घुसडलीत. मी विचारलं, कोणती? त्यांनी बोट ठेवलं. मालकांनी ड्रॉवरमधून माझा अर्ज काढून शेजारी ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
बाईंची शिकवायची सवय रागातही सुटेना. म्हणाल्या, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. आणि काम अजून चालू असेल तर हॅव बीन वर्किंग.
मालक हळूच म्हणाले, बाई, ते काम चालू असेल तर वगैरे राहू द्या.

३० जून, संध्याकाळ
चष्म्याचं घर आणि लाल पेन पिशवीत टाकलं. हिला सांगायचंय. कसं, ते सुचत नाही.
निघण्याआधी मशीनवर एक वाक्य टाईप केलं. आय वर्क्ड हिअर फॉर ट्वेन्टी इयर्स. बराच वेळ बघत बसलो.
लाल रेघ आली नाही.