दत्तोबाच्या दहाव्याची बातमी

कासारवाडी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. नेहास, बाबांचा सप्रेम जयभीम.

मी खुशाल नाही, म्हणून खुशाली लिहीत नाही. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनांच्या आवाजात बत्तीस वर्षं काढून कान गेले. फोनवर तुझं निम्मं बोलणं कळत नाही, आणि आज मला शब्दन्‌शब्द तुझ्यापर्यंत पोचवायचा आहे.

दत्तोबा गेला. चोवीस जानेवारीला गेला. मला काल कळलं, तेही भाजी घेताना आमच्या शिफ्टचा आबाजी भेटला म्हणून. त्याने आधी तोंड फिरवलं. मग भर बाजारात ओरडून विचारलं की दहाव्याला का आला नाहीस, अख्खं मंडळ तुझी वाट बघत होतं. दत्तोबाचं आणि माझं काय ठरलं होतं ते तुला ठाऊक आहे. जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी उभं राहून बोलायचं. त्याच्या दहाव्याला मी, माझ्या पुण्यानुमोदनाला तो.

निवृत्त कामगार मंडळाच्या ब्लॉगवर बातमी होती. मी तो रोज वाचतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून वेगळा निरोप कोणी धाडला नाही. आबाजीच्या मोबाईलवर मी ती पाहिली. तू दिवाळीत माझ्या टॅबवर फीड रीडर बसवून दिलास, त्यातही हाच ब्लॉग आहे. त्यात सहलीचे फोटो आहेत, पेन्शनचं परिपत्रक आहे, दत्तोबा नाही. तू म्हणाली होतीस, व्हॉट्सअ‍ॅपचा कचरा नको, तुम्हाला हवं तेवढंच एका जागी येईल. मला दत्तोबा नको होता असं तुला कोणी सांगितलं?

काय केलंस ते सरळ लिही.

तुझा बाप,
भिवा

नाशिक,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, स. जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. दत्तोबाकाकांचं वाचलं आणि डबा तसाच घरी परत आणला. लहानपणी त्यांच्या सायकलवर बसून मी चाकणचा कांदा बाजार पाहिला आहे.

हो, मीच केलं. रीडरमध्ये फिल्टर लावता येतो. त्यात एखादा शब्द घातला की तो असलेला मजकूर दिसतच नाही. मी ‘निधन’ आणि ‘दशक्रिया’ असे दोन शब्द घातले आणि तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं माझं.

पण आई गेल्यावर तुम्ही काय करत होतात तेही आठवा. सकाळी उठून आधी निधनवार्ता वाचायच्या, ओळख ना पाळख अशांच्या मयतीला जायचं, आणि बीपीची गोळी तशीच राहायची. स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन पडलात तेव्हा मी नेसत्या कपड्यांनिशी इथून निघाले होते. डॉक्टर म्हणाले, यांना असलं काही वाचू देऊ नका. मी काय करायला हवं होतं?

आणि राग मलाही आहे. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणून तुम्ही अकरा दिवस मला कळवलं नाहीत. मी आले तेव्हा ती बोलायची थांबली होती. आपल्या माणसाला त्रास नको म्हणून बातमी दाबायची, हे मी तुमच्याकडूनच शिकले, बाबा.

फिल्टर कसा काढायचा ते मागच्या पानावर चित्र काढून दिलं आहे. गोळ्या घ्या. रागातून थोडा लोभ उरला तर तो माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
नेहा

कासारवाडी,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. नेहास, जयभीम.

चाकणला जाऊन आलो. दत्तोबाच्या बायकोने, शालनबाईंनी, पाणी दिलं आणि दहाव्याचं सांगितलं. भावजी येतील, जरा थांबा, असं म्हणत त्यांनी नदीवर अर्धा तास कोणाला माईक घेऊ दिला नव्हता. शेवटी एक पुढारी बोलला, ज्याने दत्तोबाला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाईंनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन तुझ्या चित्राप्रमाणे फिल्टर काढला. अडलेलं सगळं एकदम समोर आलं. दहाव्याची बातमी होती. तिच्याखाली बारा जानेवारीला दत्तोबाने स्वतः लिहिलेल्या काही ओळी होत्या. तशाच उतरवतो: ‘माझ्या निधनाची बातमी कोणीतरी उठवली आहे. अजून हाय मी. पिंपरीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. भिवाला फोनवर ऐकू येत न्हाई, पण तो हे रोज वाचतो. भिवा, येऊन जा राव.’

त्यानंतर तो बारा दिवस होता. कासारवाडीहून पिंपरी एक स्टेशन. बाराही दिवस मी सकाळी चहा घेत तो टॅब वाचत बसलो होतो. त्याला वाटलं असणार, भिवाने वाचलं आणि आला नाही. हे आता मी कोणाला जाऊन सांगू? तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि लवकर जाईल असं वाटत नाही.

आईचे अकरा दिवस तू लिहिलेस. ती शुद्धीत असेपर्यंत रोज विचारायची की नेहा का आली नाही. मी सांगायचो, येतेय. तुला जपतोय असं तेव्हा वाटलं होतं.

तुझा राग तू ठेव, माझा माझ्याकडे राहू दे, पण रविवारी ये. आईने तुझ्यासाठी आणखी काय काय सांगितलं होतं ते सगळं सांगायचं आहे, आणि ते मला लिहून जमत नाही.

तुझा,
बाबा